शेजारच्या सीटवर स्टिअरिंग नव्हतं

चालत्या गाडीत मी स्टिअरिंग सोडून दिलं. गाडी ताशी ऐंशीने चालली होती, शेजारच्या सीटवर वडील होते, आणि गाडीचा ताबा मी त्यांच्याकडे सोपवला. ताबा घ्यायला त्यांच्यापुढे काही नव्हतं, एवढं सोडलं तर सगळं नियमाप्रमाणे झालं.

तो नियम आधी सांगतो. मी मालवाहू विमानं चालवतो. आम्ही दोघं वैमानिक शेजारी बसतो आणि दोघांपुढे सारखीच यंत्रणा असते. दुसऱ्याकडे विमान सोपवायचं तर म्हणायचं, ‘यू हॅव कंट्रोल’. तो म्हणणार, ‘आय हॅव कंट्रोल’. हे उत्तर कानावर आल्याशिवाय हात काढायचा नाही. मी अर्धवट झोपेत पहिलं वाक्य बरोबर म्हटलं, फक्त उत्तराला थांबलो नाही. उत्तर आलं ते असं : “आरं ए! मारतो का काय!”

आण्णांनी एका हाताने स्टिअरिंग ओढलं, दुसऱ्याने हँडब्रेक. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येत होता. तो हॉर्न वाजवत निघून गेला आणि आमची गाडी रस्त्याखाली उतरून एका बाभळीजवळ थांबली.

त्या आठवड्यात माझ्या सलग चार रात्री झाल्या होत्या. शेवटच्या रात्री माल उशिरा चढला, ड्यूटी लांबली. सकाळी मुंबईत सुटलो, पाच-सहा तास टॅक्सीत बसून सावेडीच्या घरी आलो, अंघोळ केली आणि लगेच आण्णांना घेऊन मिरजगावला निघालो. आत्या दवाखान्यातून घरी आली होती, तिला भेटायचं होतं. निघताना आण्णांनी किल्लीसाठी हात पुढे केला होता. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मी म्हणालो, “आण्णा, तुमच्या डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय. मी विमानं उडवतो, गाडीचं काय घेऊन बसलात!” रुईछत्तीशी मागे पडली ते मला आठवतं. पुढचा रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना ज्वारी, काचेतून ऊन. त्यानंतरचं आण्णांना विचारा.

ते खाली उतरून बाभळीला टेकले. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, म्हणून मी जास्त घाबरलो.

“वर बी आसंच करतो?”

“वर आम्ही दोघं असतो, आण्णा.”

“दुसरा जागा आसतो?”

‘असतो’ एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी सगळं सांगत सुटलो.

दोन महिन्यांपूर्वी, पहाटे समुद्रावर असताना मी डोळे उघडले तर सहवैमानिकाची हनुवटी छातीवर होती. विमान आपोआप चाललं होतं. रेडिओवर कुणीतरी आम्हाला बोलावत होतं, कितव्यांदा ते देव जाणे. मी ऐटीत उत्तर दिलं, जणू चहाचा घोट घेत होतो. तोही जागा झाला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. उतरल्यावर तो म्हणाला, “छान लँडिंग, सर.” मी थँक्यू म्हणालो. लिहून कुणीच दिलं नाही. मागे प्रवासी असते तर कदाचित भीती वाटली असती. खोकी तक्रार करत नाहीत.

हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते त्या बाभळीखाली.

आण्णा तिथेच खाली बसले. मग म्हणाले, “श्रीरामपूर डेपोला असताना मी दुसऱ्याची ड्यूटी अंगावर घेतल्ती. राहुरी कवा गेली ते कळलंच न्हाई. गाडी चालिवली मीच, पर राहुरी डोक्यात न्हाई. तिथंच बाजूला घेतली आन गाडीखाली पंचा टाकून झोपलो. प्याशिंजर लई शिव्या घालीत हुते. साहेबानं मेमो दिला.”

“मग?”

“मग काय? घेतला मेमो. उद्या ड्यूटी हाय तुला?”

“उद्या संध्याकाळी.”

“लाव फोन.”

मी त्यांना समजावू लागलो. थकवा आला तर कळवायची सोय आहे, फॉर्म आहे, कुणी नको म्हणत नाही. पण नंतर बोलावून विचारतात, विश्रांतीच्या वेळात काय करत होता? आणि प्रशिक्षक म्हणून निवडायच्या नावांत माझं नाव होतं. वाट पाहण्यात सहा वर्षं गेली होती.

“न्हाई ग्येलास तर कोन मरंल?”

“कुणी नाही.”

“आन ग्येलास तर?”

मी फोन लावला. ड्यूट्या लावणारी मुलगी गोड बोलते, त्यामुळे मला लगेच खोटं सुचलं. “जरा ताप आहे,” म्हणालो.

“ताप कुठाय रं?” आण्णा शेजारून गरजले. “झोप सांग, झोप!”

तिकडे नक्कीच ऐकू गेलं. मी म्हणालो, “ताप नाही. मी थकलोय. आत्ता गाडी चालवताना झोपलो. उद्या मी उडवू शकत नाही. आणि दोन महिन्यांपूर्वीचंही एक सांगायचं आहे.”

“सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय,” ती हळूच म्हणाली. ती मला वाचवत होती, हे कळलं.

“होऊ दे,” मी म्हणालो.

तिने लेखी पाठवायला सांगितलं, ते तिथेच उभ्याने पाठवलं. त्याआधी त्या रात्रीच्या सहवैमानिकाला फोन केला. तो म्हणाला, “सर, मी रोज लिहायला बसतो आणि उठतो.” पुढे चौकशी झाली, आम्हा दोघांचीही. प्रशिक्षकांची यादी लागली त्यात माझं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या वेळी मात्र फोन खिशात टाकला आणि मला एकदम हलकं वाटलं, थोडा अभिमानही वाटला. त्या भरात मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेलो.

आण्णा आधीच आत बसून आरसा नीट करत होते.

“मागं जाऊन आडवा हो,” ते म्हणाले. “इमान म्हनं! तुझ्यासारख्याला आमच्या यष्टीत घंटी बी वढू दिली नसती कुनी.”