राणी गेल्यावरचं साखरपाणी

"घरी कोण कोण असतं?" असं कुणी विचारलं की दातवालीण बाई तोंड वाकडं करून सांगायच्या, "आम्ही दोघं आणि ह्यांच्या हजारभर मुंग्या." ऐकणारा हसायचा. बाई हसायच्या नाहीत. एकाच गोष्टीवर सतरा वर्षं माणूस हसणार तरी किती!

त्यांचे यजमान कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा आणि एकेक दात बसवत राहायचं. सगळी इमारत त्यांना दातवाले म्हणायची. सतरा वर्षांपूर्वी उकाड्याच्या एका दुपारी पंख गाळलेली जाडजूड राणी मुंगी त्यांच्या टेबलावर आली. दुसरा कुणी फडकं मारून मोकळा झाला असता. ह्या गृहस्थांनी तिला काचेच्या नळीत ठेवलं, तळाशी पाणी, मध्ये कापूस, आणि नळी कपाटात ठेवून दीड महिना तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "सारखं बघितलं की ती घाबरून स्वतःची अंडी खाते," म्हणाले. बाईंना वाटलं, ओसरेल उत्साह. कसला ओसरतोय! दीड महिन्याने नळीत सहा चिमुकल्या मुंग्या फिरत होत्या आणि हे सगळ्यांना हाक मारून दाखवत होते. स्वतःची मुलगी झाली तेव्हासुद्धा इतकी धावपळ केली नव्हती.

मग कवळ्यांच्याच प्लास्टरचं घर झालं. खोल्या, बोळ, वर काच, काचेवर लाल कागद, कारण लाल उजेड मुंग्यांना जाणवत नाही म्हणे. प्लास्टरला ड्रॉपरने मोजून पाणी. जास्त झालं तर बुरशी, कमी झालं तर पिल्लं सुकली. कापसाच्या बोळ्यावर साखरपाणी. शिवाय माशी. लोकांचे नवरे घरी येताना काहीतरी गोडधोड आणतात, बाईंचा नवरा काडेपेटीत माशी घेऊन यायचा! थंडीत तर कहरच. तीन महिने ती अख्खी वसाहत फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात झोपायची आणि बाईंची भाजी बाहेर सुकायची.

तेही बाईंनी सोसलं. सलायचं ते एकच. मुलगी दीड दिवसाच्या प्रवासावर राहायची. नातीला त्यांनी पाच वर्षांत दोनदा पाहिलं होतं, तेही घाईघाईत, कारण चौथ्या दिवशी ह्यांचा जीव खालीवर व्हायचा. एकदा शेजारणीवर सोपवून गेले होते. त्या बिचारीने मायेपोटी अर्धी वाटी साखरपाणी ओतलं आणि शंभरेक मुंग्या बुडून मेल्या. तेव्हापासून ह्यांनी कानाला खडा लावला.

त्या वर्षी थंडी संपली, डबा फ्रिजमधून बाहेर आला, पण राणी उठली नाही. मुंग्या पाच दिवस तिच्याभोवती गोळा होऊन तिला चाटत राहिल्या. दातवाले जेवता जेवता उठून बघून यायचे.

"दुसरी राणी आणा की," बाई म्हणाल्या.

"परकीला ह्या फाडून टाकतील गं. आता अंडी नाहीत, नवी मुंगी नाही. आहेत त्या एवढ्याच."

बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर जास्त सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. आठवड्याने त्यांनी विषय काढलाच. "मग जाऊ या ना लेकीकडे? चांगले दोन महिने?"

"ह्या आहेत ना अजून."

बाईंचा पारा चढला. "अहो, राणी गेली, वंश संपला! आता कुणासाठी हा खटाटोप?"

"ह्यांच्यासाठीच. राणी गेली म्हणून ह्यांची भूक थोडीच गेली?"

त्याच सुमाराला ब्याण्णव वर्षांच्या एका आजोबांचा ठसा आला. डॉक्टरांचा निरोप होता, फार वेळ घालवू नका, कसंबसं भागवा. दातवाल्यांनी चार दिवस घेतले. आजोबांचा जुना फोटो मागवला, त्यात पुढचा दात जरासा तिरका होता तर तसाच तिरका बसवला. अशा माणसाशी भांडायचं तरी काय, म्हणून बाईंनी तो विषय सोडून दिला.

वर्ष सरत गेलं. तीनशे उरल्या, मग ऐंशी, मग वीस. आणि एका सकाळी बाईंना पलंगावर भरलेली बॅग दिसली.

"सोमवारी निघू या," दातवाले म्हणाले. "लेकीला कळवलंय मी. पुष्कळ थांबलीस तू. ह्यांना खाली बागेत सोडून देतो." एवढं बोलून, बायकोकडे न बघता, ते एका कवळीच्या कामाला बाहेर पडले. दारातून म्हणाले, "आजचं पाणी तेवढं घाल. चारच थेंब."

बाईंनी सतरा वर्षांत पहिल्यांदा लाल कागद स्वतःच्या हाताने उचलला. अकरा मुंग्या होत्या. एकीचे पाय निकामी झाले होते, तिला कापसापर्यंत पोचता येत नव्हतं. दुसरी कापसावरून पोटभर पिऊन आली, तिच्यापाशी थांबली आणि तोंडाला तोंड लावून तिला पाजू लागली. एक जण प्लास्टरचा कण ओढत नेऊन कोपऱ्यातल्या कचऱ्यात टाकत होती. त्या घरात आता कुणी जन्मायचं नव्हतं, तरी झाडलोट चालूच! बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मोजून चार थेंब घातले आणि मुलीला फोन लावला.

"अगं, आम्ही सोमवारी येत नाही."

"का? बाबांना बरं नाही का?"

"बरे आहेत. अकरा उरल्यात."

"मुंग्या?" मुलीला हसावं की रडावं कळेना. "आई, तूच म्हणायचीस ना, फेकून द्या म्हणून!"

"म्हणायचे. बाहेर सोडलं तर परक्या मुंग्या दुपारपर्यंत जिवंत ठेवणार नाहीत ह्यांना. तूच ये चार दिवस, पोरीला घेऊन. तिला दाखवायचंय."

"मुंग्या दाखवायच्यात?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "तिचे आजोबा."

फोन ठेवून त्यांनी बॅग रिकामी केली, कपडे कपाटात लावले आणि काडेपेटी घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी माशीची वाट बघत उभ्या राहिल्या.