होनोलुलूच्या बंदरावरची भवानी

होनोलुलूच्या बंदरावर, घड्याळाच्या उंच मनोऱ्याखाली, माझ्या मुलाने एका माळवालीला माझ्याबद्दल सॉरी म्हटलं. "सॉरी, माय मॉम इज फ्रॉम इंडिया."

मला इंग्रजी धड बोलता येत नाही, पण कळतं सगळं. तो हे इंग्रजी ज्या शाळेत शिकला, तिची फी मी डोंबिवलीत एका जिन्याखाली बसून परकर आणि ब्लाउजपीस विकून भरली. आज माझं दोन मजली दुकान आहे ते माझ्या घासाघीस करणाऱ्या जिभेच्या जोरावर. आणि हा त्या जिभेबद्दल माफी मागतो!

सुनेची तिथे कॉन्फरन्स होती, म्हणून मुलाच्या घरून, सांता क्लाराहून, आम्ही दोघंही तिच्याबरोबर आलो होतो. ती दिवसभर हॉटेलात अडकलेली, आम्ही दोघं बंदरावर फिरत होतो. धक्क्याला चाळीएवढं उंच जहाज लागलेलं. समोर ओळीने दुकानं, फुलाफुलांचे शर्ट, रंगीत बर्फाचे गोळे, आणि पाणी इतकं स्वच्छ की धक्क्यावरून मासे दिसत होते. मला ते सगळं आवडलं, पण घ्यावंसं काही वाटेना. तेवढ्यात माळांच्या गाडीवर मला रुई दिसली.

रुईच्या फुलांची माळ! अमेरिकेत आल्यापासून चार महिने माझ्या मारुतीला रुई मिळाली नव्हती. त्याची छोटी तसबीर माझ्या पर्समध्येच असते. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी बोट दाखवलं तशी गाडीवरची बाई, माझ्याच वयाची असेल, हसत हसत माळ घेऊन पुढे आली आणि थेट माझ्या गळ्यात घालायला लागली.

"अगं अगं, माझ्या गळ्यात नको!" मी दोन पावलं मागे उडी मारली. मी घातली की ती देवाला कशी चालेल? तिला काय कळणार. तिचं हसू विझलं. ही गोष्ट माझ्या बाजूने बिघडली, हे मी मान्य करते. पण मग मी भाव विचारला, निम्मा सांगितला, आणि तिने नुसतं किमतीच्या पाटीवर बोट ठेवलं. मी आवाज चढवला. मुलगा मध्ये पडला. ते सॉरी तेव्हाचं.

"आई, इथे फिक्स्ड प्राइस असते. आणि देवाच्या हारात कसली घासाघीस?"

"देव माझा आहे. गाडी तिची आहे."

"मी देतो ना पैसे, यार!"

"तुझ्या पैशाची रुई मारुतीला नको," म्हणून मी तिथून निघाले. रात्री जेवले नाही. म्हणजे थोडंच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आमची बोटीची सफर होती. मी सातलाच अंघोळ करून मुलाला हलवलं. "चल, बंदरावर."

"कशाला?"

"शनिवार आहे."

तो कुरकुरत आला. माळवाली नुकतीच गाडी लावत होती. गाडीच्या खालच्या फळीवर एक छोटा देव्हारा होता, त्यात एक संत्रं आणि पेटलेली उदबत्ती. देव्हाऱ्याला हात जोडून ती उठली, वळली आणि तिने मला पाहिलं. तिचा चेहरा एकदम पडला.

तो चेहरा मी ओळखला. भांडकुदळ गिऱ्हाईक पहिलंच दारात आलं की माझाही असाच पडतो. भवानी! दिवसाची पहिली विक्री. ती हसतखेळत झाली तर दिवस चांगला, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवस बुडाला. ही बाई व्हिएतनामची, हे मला नंतर कळलं. पण भवानी तिच्याकडेही होती, हे उदबत्ती पाहूनच कळलं.

मी रुईच्या माळेकडे बोट केलं आणि पाटीवरच्या किमतीपेक्षा पाच डॉलर कमी, असं बोटांनी दाखवलं. मग एक पाऊल मागे घेतलं. एकच.

"ओके, ओके!" तिने माळ पानात गुंडाळली. मी दिलेल्या नोटा तिने कपाळाला लावल्या आणि सगळ्या माळांवरून फिरवल्या. वर निशिगंधाचा एक गजराही दिला. मुलाचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"आई, तिने कसं काय...?"

"दुकानदार आहे ती. इंजिनिअर नाही."

बाकावर तसबीर ठेवून मी मारुतीला माळ घातली. बोटीत मी एका शब्दाने काही बोलले नाही. जिंकल्यावर गप्प बसण्यात जास्त मजा असते.

दुपारी परत आलो तर गाडीवर एकही माळ नव्हती. जहाजाच्या लोकांनी सगळं नेलं होतं. माळवाली धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि मुलाला भरभर सांगू लागली.

"काय म्हणते?" मला कळलं होतं. पण ते त्याच्या तोंडून हवं होतं.

"म्हणते, तुझा हात लकी आहे. उद्याही पहिली तूच ये."

"काल तिला माझी ओळख करून दिली होतीस ना? परत करून दे. चुकलं तेवढं गाळून."

तो लाल झाला. चपलेने फरशी घासत उभा राहिला. मग म्हणाला, "दिस इज माय मॉम. शी इज फ्रॉम इंडिया."

पुढे-मागे सॉरी नव्हतं. माळवालीने जोरात मान हलवली, जणू इंडियाहून आलेल्या सगळ्यांचा हात लकीच असतो.

"आता विचार तिला," मी म्हटलं, "उद्या पहाटे उठून यायचं, तर मला काय देणार?"

"आई!"

मी माळवालीला दोन बोटं दाखवली. दोन गजरे. तिने एक दाखवलं. मी वळून चालायला लागले. चौथ्या पावलाला तिने हाक मारली, आणि माझ्याआधी मुलगाच हसायला लागला.