पारावरून सांगितलेले सहा आकडे

हिंगणी सोडून बोर धरणाच्या अंगाला निघालं की पुढे एक लहानसं गाव लागतं. त्या गावात मोबाईलला रेंज येते ती फक्त लिंबाच्या पारावर. घरात नेला की फोनचं घड्याळ होतं. पारासमोर, रस्ता ओलांडला की अन्नपूर्णाबाईचं घर, आणि गेली सात वर्षं गावाची बँक म्हणजे तिच्या ओसरीवरचं टेबल.

ती माहेरची पवनारची. बारावी झाल्यावर लग्न होऊन इकडे आली, बचत गटात शिरली आणि वर्ध्याला प्रशिक्षण घेऊन बँक सखी झाली. अंगठ्याचं मशीन, एक लॅपटॉप आणि ग्रामपंचायतीतून ओढून आणलेली इंटरनेटची वायर, एवढाच तिचा संसार. निराधारच्या पैशांसाठी म्हाताऱ्या माणसांनी हिंगणीपर्यंत पायपीट करायची नाही, हा एक हट्ट. सणावारालाही तिने कुणाला दारातून परत लावलं नाही.

आता ओटीपीचं असं होतं की तो यायचा गिऱ्हाईकाच्या फोनवर, फोनला रेंज पारावर, आणि लॅपटॉप ओसरीत. मग माणूस पारावर उभा राहून तिथूनच आकडे ओरडायचा आणि अन्नपूर्णाबाई इकडे बटणं दाबायची. पायही वाचायचे, वेळही वाचायचा. दोघंतिघं एकदम ओरडायला लागले की गाव हसायचं, लागला अन्नपूर्णाबाईचा लिलाव म्हणायचं. तीही हसायची. सात वर्षांत कुणाचा रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. तिलाही नाही.

पौषातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजलेले, लॅपटॉप बंद, आणि अन्नपूर्णाबाई भाजीसाठी तुरीचे सोले काढत ओसरीवर बसली होती. पारावर ऊन खात कमलाबाई बसली होती. नवरा बाबाराव गेल्यापासून एकटी राहणारी, अडुसष्ट वर्षांची, अजून निंदणाला जाणारी बाई. तिला घरकुल मंजूर झालं होतं. भिंती उभ्या झाल्या होत्या, आणि स्लॅबचा हप्ता आठवड्यापूर्वीच खात्यात पडला होता. ती बातमी तिला अन्नपूर्णाबाईनेच दिली होती, साखर हातावर ठेवून.

कमलाबाईने मोठ्याने आकडे सांगितले. अक्षर येत नसलं तरी तिला आकडे येत. अन्नपूर्णाबाईच्या कानाला त्या हाळीची इतकी सवय की हात थांबला नाही. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला असेल, त्याला सांगत असेल, तिने मनात म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा आकडे सुरू झाले, आणि या खेपेला थेट तिच्या घराकडे तोंड करून. तीन झाले, चार झाले, तेव्हा अन्नपूर्णाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गॅसवाल्याला सांगायचे आकडे चारच असतात. मघाचे सहा होते. आणि आपला लॅपटॉप तर बंद आहे.

ती उठली तशी मांडीवरचे सोले ओसरीभर सांडले. थांबा मावशी, पुढचं सांगू नका, म्हणत ती रस्ता ओलांडून पारावर चढली.

"कोणाले सांगून राह्यल्या?"

"तुलेच तं," कमलाबाई म्हणाली. "तुह्याच बँकेचा साहेब हाय फोनवर. केवायसी संपली म्हणते. आज नाई केली तं घरकुलाचा हप्ता वापस जाते."

अन्नपूर्णाबाईने फोन हातात घेतला. पलीकडचा आवाज मऊ होता, अदबशीर. मी अन्नपूर्णा मॅडमच्या ऑफिसातून बोलतोय, तो म्हणाला, आजींचे शेवटचे दोनच आकडे राहिलेत.

"मीच अन्नपूर्णा."

पलीकडे तोच आवाज, तसाच गोड.

"मग तर बरंच झालं. तुम्हीच समजावा ना आजींना. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची वाटेत कुठेच थांबली नाही. पण शिव्या द्यायलाही वेळ नव्हता. तिने फोन कापला आणि पारावर उभ्या उभ्याच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लावला. खातं, वेळ, मेसेजमध्ये आलेली रक्कम, सगळं सांगितलं. मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करून कार्ड बंद करवलं. पहिल्या सहा आकड्यांत अर्धा हप्ता गेला होता. उरलेला अर्धा त्या न सांगितलेल्या दोन आकड्यांपाशी अडकला, म्हणून राहिला.

कसं झालं ते मग कळलं. तुमच्या गावात बँकेचं काम कोण पाहतं, असं त्याने आधी विचारलं, आणि अन्नपूर्णाचं नाव कमलाबाईनेच सांगितलं. हो, तिनेच तुमचा नंबर दिला, तो म्हणाला. कार्ड घरी आहे म्हटल्यावर, घेऊन या, मी थांबतो. फोन पारावर ठेवून ती कार्ड आणेपर्यंत, त्यावरचे आकडे काढून घ्यायला, पाव तास थांबला मेला. कमलाबाईला त्याचंच अप्रूप वाटलं होतं. जन्मात कुठल्या ऑफिसात तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. हे ऐकून अन्नपूर्णाबाईला जेवढा राग आला, तेवढा गेलेल्या पैशांनीही आला नव्हता.

तोवर पारापाशी माणसं जमली होती. रूपराव त्यांत पुढे. रोज पेपर वाचणारे, गावाला शहाणपण वाटणारे.

"एवढं टीव्हीवर सांगून राह्यले, ओटीपी कोणाले देऊ नका. पण अडाणी ते अडाणीच राह्यते."

कमलाबाई खाली मान घालून ते बंद पडलेलं कार्ड पदराच्या गाठीत बांधत होती.

"काकाजी," अन्नपूर्णाबाई म्हणाली, "परवा तुमचा ओटीपी तुम्ही कोठून सांगतला?"

"थो तुले सांगतला."

"मावशीनंबी मलेच सांगतला. आकडे ओरडाले मीच शिकवलं सगळ्या गावाले. चोराले काही करा लागलं नाई. माह्यं नाव घेतलं, झालं त्याचं काम."

 घरापासून पारापर्यंत वीस पावलं. ती वाचवण्यात तिने सात वर्षं गावाला हे वळण लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर पाटी लावली, इथे ओटीपी ऐकला जाणार नाही. आकडे आले की फोन घेऊन खाली यायचं, स्वतःच्या बोटाने दाबायचे. येत नसेल तर शिकायचं, मी शिकवते. बँक फोनवर काही विचारत नाही, केवायसी असेल तर कागद घेऊन माणूस ओसरीवर येतो, आणि फोनवर कुणी अन्नपूर्णाचं नाव घेतलंच तर फोन कापून अन्नपूर्णाचं दार वाजवायचं. हे ती महिनाभर प्रत्येकाला सांगत होती, रागानेच. आठवड्याने रूपराव सवयीने पारावरून ओरडले, तर तिने लॅपटॉप मिटून टाकला. गुडघे दुखतात म्हणाले. दुखू द्या, ती म्हणाली.

कमलाबाईला घेऊन तिने सेलूला पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. बँकेत एकाने ऐकवलं, बाईनेच आकडे सांगितले, आम्ही काय करणार. तर ती समोर बसून राहिली, तक्रारीवर शिक्का पडेपर्यंत. गेलेल्यातला थोडा पैसा वाटेत एका खात्यात अडकवल्याचं कळलं. बाकीचा गेला तो गेलाच. पावसाआधी कमलाबाईच्या भिंतींवर स्लॅब पडला नाही, टिनाचे पत्रे पडले.

जूनमध्ये नव्या कार्डाच्या कामाला कमलाबाई आली. पारावर आकडे आले, तिने ते ओठातल्या ओठात वाचले, फोन पदराखाली घेतला आणि वीस पावलं चालून ओसरीत आली. खुर्चीवर बसून एक बोट पुढे केलं, आणि अन्नपूर्णाबाई अजून तिथेच उभी असल्याचं पाहून थांबली.

"तिकडे पाह्य वं."

अन्नपूर्णाबाईने तोंड फिरवलं. पाराच्या पलीकडे दूर कमलाबाईचं घर दिसत होतं, नवी टिनं उन्हात डोळ्यांत खुपत होती. मागे बटण सहा वेळा वाजेपर्यंत ती तिकडेच पाहत राहिली.