हौसेचा धूर

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठीच डबा भरत होते. आदल्या दिवशी नगरच्या दवाखान्यात त्यांना भेटून मिरजगावला परतले होते. नाकाला नळी, पण तोंड चालूच, "शोभे, कोळसा भिजू देऊ नको." ...मग दुखवट्याला माणसं येऊ लागली. चहा पिता पिता जो तो एकच सांगायचा, "त्या बार्बेक्यूनं घात केला. ह्या वयात कशाला पायजे हुतं?" मी त्यांची धाकटी जाऊ आणि बार्बेक्यूच्या संघातली त्यांची जोडीदार, म्हणजे आरोपी नंबर दोन. तेव्हा बरेच दिवस गप्प राहिले. आता बोलते.

सुरुवात मीच केली होती, तीही गमतीत. मोबाईलवर आलेली जाहिरात मोठ्यानं वाचली. नगरला एका लॉन्सवर कोळशावर भाजण्याची स्पर्धा होती, दोघांचा संघ, शेगडी ज्याची त्यानं आणायची. आक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आपलं नाव घाल." आमच्याकडे जत्रेचं मटण पुरुष शिजवतात आणि त्याचं कौतुक पुढच्या जत्रेपर्यंत चालतं. भाकऱ्यांची चळत मात्र बायकांची. "मटनाचं नाव हुतं," आक्का म्हणायच्या, "भाकरीला कुनी इचारलंय का कवा?" त्यांनी वेल्डरकडून तेलाचा ड्रम उभा चिरून घेतला, त्याला पाय लावले, वर जाळी बसवली. कोळसा बाभळीचाच पाहिजे, यावर अडून बसल्या आणि तो मिळवलाही.

पहिल्या स्पर्धेत आमची फजिती झाली. इतर संघ निखाऱ्यावर झाकण टाकून निवांत खुर्च्यांवर बसलेले. आक्कांना ते कसं जमावं? सगळा जन्म चुलीपुढे गेलेला. विस्तव जरा काळवंडला की हात फुंकणीकडे. त्या फुंकायच्या, राख उडायची आणि मसाला लावलेल्या तंगड्यांवर जाऊन बसायची. मी दोनदा म्हटलं, आक्का, नको. "इझंल की गं," म्हणून पुन्हा फुंकायच्या. परीक्षक तरुण होता. एक घास खाऊन अदबीनं म्हणाला, "काकू, चव छान आहे, पण राख लागतेय."

"राखच हाय ती," आक्का म्हणाल्या. "झटकून खावा."

आमचा शेवटचा नंबर आला. परतताना टेम्पोत त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, आणि हसता हसता जो खोकला लागला तो घर येईपर्यंत थांबेना.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं पार थकलीत, धुरापासून लांब राहा. अण्णांनी, म्हणजे आक्कांच्या मालकांनी, त्याच संध्याकाळी ड्रम गोठ्यामागे लोटला. "आजपासनं ते बंद," म्हणाले.

"आन चूल?" आक्कांनी विचारलं.

"चुलीचं काय?"

"लगीन झाल्यापासनं चुलीचा धूर खातीया. तवा कुनाला माजं फुप्पुस दिसलं न्हाई. माज्या हौसंचा धूर तेवढा वंगाळ व्हय?"

सकाळी ड्रम पुन्हा अंगणात होता. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण दुसऱ्या स्पर्धेला नाव मीच घातलं.

त्या दिवशी मी त्यांना धूर येणार नाही अशा, वाऱ्याच्या उलट अंगाला बसवलं. त्या नुसत्या हुकूम सोडायच्या, हात माझे. फुंकणी त्यांनी स्वतःहून घरी ठेवली होती. पदरात हात गुंडाळून, ओठ दाबून बसल्या होत्या. आयुष्यात त्यांनी इतका धीर धरलेला मी पाहिला नव्हता. मांस हाडापासून अलगद सुटलं. नंबर आला नाही, पण परीक्षकानं दुसरी तंगडी मागून घेतली. आक्का गावभर तेच सांगत हिंडल्या, आणि दर वेळी तंगड्यांची संख्या वाढत गेली.

आक्कांच्या तेराव्याला परसात चुली मांडल्या होत्या. लाकडं ओली, धूर कोंडलेला. आक्कांची सून पूजा डोळे पुसत, खोकत पोळ्या भाजत होती. लागूनच मांडवात अण्णा आणि बाकीची पुरुषमाणसं पत्रावळींची वाट पाहत बसली होती, आणि बार्बेक्यूनं घात केला हेच पुन्हा चाललं होतं. माझं डोकं फिरलं. मी पूजाला हाताला धरून उठवलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "अण्णा, ही दमली. जाळ घालायला तुमी बसा."

अण्णा उठले, टोपी काढून ठेवली आणि चुलीपुढे बसले. लाकूड आत सारतात न सारतात तोच त्यांना ठसका लागला.

"अण्णा, सरका मागं," मांडवातून लगेच दोघं-तिघं धावले. "धूर लागतुया तुमाला."