छप्पर शाकारण्याआधी

विलायतेहून मलकापूरला शिकवायला आलो आणि भाड्याच्या घरातल्या कामांची यादी केली. तिसरे काम छप्पर शाकारण्याचे, म्हणजे फुटकी कौले बदलण्याचे होते. रविवारी सकाळी शिडी लावून मी वर चढलो. शेजारच्या मुसलमान कुटुंबाच्या बायका अंगणातून ओरडत आत पळाल्या.

दुपारी घरमालक आले. "मास्तर, चढाच्या आधी आवाज द्या लागते, बायाइले आत जाऊ द्या लागते. शेजारची म्हातारी म्हणते, हा माणूस इथं नको. ते मानली तर राहा, नाही तर दुसरं घर पाहा."

हे घर मिळायलाच मला दोन महिने लागले होते. मी शेजारच्या दारात जाऊन माफी मागितली. पडद्याआडून म्हातारीने विचारले, "तुमच्या मुलखात छपरावर चढत नाहीत काय?"

"चढतात. पण थंडीमुळे अंगणात कोणी नसतं."

"मंग शेजारीपाजारी भांडतात कुठं बापा?"

मला हसू आले. पडद्याआड तीही हसली.

"बरं, राहा. उद्या चढा. आमचीही चार कौलं फुटली हायेत, तेही बदला. पण आवाज मोठ्यानं द्या, मले कमी ऐकू येते."