मालनवहिनी आणि पारीची दगडी

आमच्या धारजवळच्या तिरल्यात मालनवहिनीसारखं म्हैस पिळणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. बाकीचे लोक सड ओढतात. ती मूठ आवळते आणि सोडते. मी पीथमपूरच्या कारखान्यांत जन्मभर पोती उचलली. कोणाचा हात कामाला बसलेला आहे, एवढं मला कळतं.

तिच्या दोन म्हशी. त्यातली पारी दुधाला भारी. धारच्या जुन्या मराठी घरांत वहिनीचं दही जातं, ते मुख्यतः पारीच्या जिवावर.

पारीला अधूनमधून दगडी व्हायची. म्हणजे कास सुजायची आणि सड दगडासारखा कडक व्हायचा. मग वहिनी दुकानातून पेनिसिलीनच्या जातीच्या औषधाची नळी आणून सडात सोडायची. ते औषध दुधात उतरतं. तसल्या दुधाचं दही लागत नाही, कारण दही लावणारे जंतूही त्यानं मरतात. हे वहिनीला अनुभवानं ठाऊक होतं. नळी दिली की ती पारीचं दूध विकत नसे. रोज त्याच सडाचं वाटीभर दूध विरजून बघायची आणि दही लागलं की विक्री सुरू करायची. यात तिनं कधी चुकारपणा केला नाही.

चूक दुसरीकडे होती. सूज जरा उतरली की ती नळ्या थांबवायची. पुढे दही लागलं की दूधही निवळलं आणि कासही बरी झाली, असं धरून चालायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पारीच्या मागच्या डाव्या सडाला पुन्हा दगडी झाली. संध्याकाळी नळी सोडली. सकाळी त्या सडाचं दूध विरजलं, तर घट्ट दही लागलं. औषध दुधातून लवकर गेलं म्हणून वहिनी खूश झाली. पण सड आणखी कडक झाला. पुढच्या नळ्यांनीही काही होईना.

तिचे यजमान शिवाजीराव कारखान्याच्या पाळीवर जातात. त्यांनी धरमपुरीच्या एका म्हशींच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला.

"तीन सडांची म्हैस कोण पोसतं?" ते म्हणाले.

"चौथा अजून गेलेला नाही," वहिनी म्हणाली.

व्यापारी यायच्या आत सड बरा झाला नाही, तर पारी जाणार होती. वहिनीनं जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. कृतिका नावाची देवासची पोरगी, मराठी घरातली, पण बोलते निम्मं हिंदी. वहिनीनं सगळं सांगितलं. दह्याचंही सांगितलं.

डॉक्टर थबकली. "काकू, त्याच सडाचं दूध? और दही जम गया?"

वहिनी हो म्हणाली. नुसत्या दह्यावरून नक्की सांगता येणार नाही, असं म्हणून डॉक्टरनं त्या सडाचं दूध बाटलीत घेतलं आणि तपासायला पाठवलं.

निकाल आला तेव्हा तिनं ओट्यावर बसून समजावलं. या जातीच्या औषधात एक बारीक कडी असते. सगळा जोर त्या कडीत. पारीच्या कासेतले जंतू एक विकर तयार करतात, म्हणजे एन्झाइम. ते ही कडी फोडतं. कडी फुटली की औषध निकामी. त्या दिवशी औषध दुधातून आपोआप गेलं नव्हतं, बहुधा जंतूंनीच मोडलं होतं. म्हणून विरजणाचे जंतू वाचले आणि दही लागलं.

"मग एवढ्या नळ्या घातल्या त्या?"

"दर वेळी कमजोर जंतू मेले, हे उरले. तुम्ही अर्ध्यावर सोडलं ना, काकू."

वहिनीनं वाद घातला नाही. आता काय करायचं, तेवढंच विचारलं.

औषध त्याच जातीचं, पण जोडीला दुसरं. ते दुसरं त्या विकराला अडकवून ठेवतं, तोवर पहिलं आपलं काम करतं. सूज उतरली तरी सगळ्या नळ्या संपवायच्या. त्यानंतरही डॉक्टर सांगेल तोवर दूध विकायचं नाही, दही लागो न लागो.

वहिनीनं परसात खड्डा खणला. पारीचं सगळं दूध त्यात. बाकीच्या तीन सडांचं तरी गिऱ्हाइकांना घाल, कुणाला कळतंय, असं शिवाजीराव म्हणाले. औषध रक्तातून चारी सडांत जातं, असं तिनं सुनावलं. दसऱ्याच्या श्रीखंडाला दही पुरणार नव्हतं. ते सांगायला ती स्वतः बसनं धारला, तिच्या जुन्या गिऱ्हाईक उमाबाईंकडे गेली.

"एका म्हशीपायी आमचा दसरा फिका?" उमाबाई म्हणाल्या.

"फिका जाऊ द्या, अक्का. औषधाचं दही मी देणार नाही."

आजारी सड ती दिवसातून कितीदा तरी रिकामा करायची. नेहमी शेवटी, आणि आधी-नंतर साबणानं हात धुऊन. गोठा कोरडा ठेवायचा म्हणजे दिवसभर झाडू हातात. एकदा शिवाजीराव मदतीला बसले. थोड्या वेळात त्यांची बोटं आखडली. ते उठले.

अर्ध्या नळ्यांतच सूज उतरली. पूर्वी ती इथेच थांबायची. या वेळी एकही नळी शिल्लक ठेवली नाही.

दुसऱ्या तपासणीत दूध स्वच्छ निघालं. त्या सडाला पहिल्याएवढं दूध उरलं नाही, पण सड जिवंत राहिला.

त्यानंतर व्यापारी आला. त्यानं कास चाचपली, सड दाबून पाहिले.

"भैंस तो अच्छी है. बेच क्यों रहे हो?"

"विकायची नाही," वहिनी म्हणाली.

तो शिवाजीरावांकडे वळला. "तो भिया, मुझे बुलाया काहे को?"

शिवाजीरावांनी वहिनीकडे पाहिलं. "चाय पीने."

वहिनी जागची हलली नाही. चहा शेवटी त्यांनाच करावा लागला.