चार किलोची तार

जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमचा श्रेबरगार्टन होता, म्हणजे गावाबाहेरच्या वसाहतीतला बागेचा भाड्याचा तुकडा. तिथे मी मेथी लावायची. त्या उन्हाळ्यात मेथी जरा वर आली की कुणीतरी उपटून न्यायचं. फक्त मेथी. टोमॅटोला हात नाही.

"हे आपल्यापैकीच कुणीतरी," नवरा म्हणाला. "जर्मन माणूस मेथी कशाला चोरेल?"

मला ते पटलं.

त्यानं तारेचा अलार्म मागवला. दोन खुंट्या, घोट्याच्या उंचीवर बारीक तार, टोकाला डबी. तार ओढली गेली की पिन निघते आणि डबी किंचाळते. सोबतच्या कागदावर ठळक लिहिलं होतं: वाटेवर लावू नका, तारेला रंगीत फीत बांधा, शेजाऱ्यांना कळवा. आम्ही तो वाफ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच लावला, फितीशिवाय. मुलीनं विचारलं, "डार्फ मान दास?" अशी परवानगी असते का, म्हणून. "बाग आपली आहे," मी म्हणाले.

राहिल्या शेजारच्या बागेतल्या बाई. ऐंशीच्या घरातल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, लिफ्ट नाही. बाग हेच त्यांचं जग. दोन बागांमध्ये छोटं फाटक होतं, आम्ही नसलो की त्या येऊन आमच्या झाडांना पाणी घालायच्या.

"त्यांना सांगायचं का?" नवऱ्यानं विचारलं.

"नको. त्यांच्या पोटात काही राहत नाही. तार सोमवारी लाव, आपल्याकडे पाणी घालायला त्या शनिवारीच येतात," मी म्हणाले. शनिवारी तार काढायची, असंही ठरवलं.

पहिल्याच आठवड्यात मांजरानं अलार्म दोनदा वाजवला. आसपासचे लोक वैतागले. मग मी चाचणी हाती घेतली. ते माझं कामच. गाडीची काच वर जाताना मध्ये मुलाचं बोट आलं तर ती किती जोरावर मागे फिरते, हे मी रोज तपासायची. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा होता, तो तारेला अडकवून ओढला. पिन पाऊण किलोला निघत होती. ती थोडी वाकवली. दोन किलो. आणखी वाकवली. चार. वीस वेळा ओढलं, वीसही वेळा वाजला.

"मांजर गेलं उडत," नवरा खूश झाला.

चार किलोपर्यंत न सुटणारी तार माणसाच्या पायाचं काय करते, हे मी तपासलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही कामावरून बागेत पोचलो, सायकली लावत होतो, तोच डबी किंचाळली.

"सापडला!" म्हणत नवरा पळाला.

वाफ्याच्या कडेच्या दगडांवर बाई आडव्या पडल्या होत्या. मुठीत मेथी.

"आधी तो आवाज बंद करा," त्या म्हणाल्या. मग दम खात, "उद्या वसाहतीच्या समितीची पाहणी आहे. तुमच्याकडे हे तण केवढं माजतं! तुम्ही दोघं नोकरीवाले. ताकिदीचं पत्र आलं असतं तुम्हाला."

तिकडच्या हिरवळीत तीन पानांचं एक तण होतं, मेथी अगदी तसलीच दिसते. समितीच्या प्रत्येक पाहणीआधी त्या आमची लाज राखत होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण जिना कायमचा सुटला. शरद ऋतूत त्या वृद्धाश्रमात गेल्या. घर गेलं, बागही गेली.

नुकसानभरपाईसाठी आमच्या विम्याच्या फॉर्मवर प्रश्न होता: उपकरण सूचनांप्रमाणे वापरलं होतं का?

"हो लिही," नवरा म्हणाला. "फीत होती, वाऱ्यानं उडाली."

मी "नाही" लिहिलं. पिन वाकवल्याचंही लिहिलं.

"एवढा खरेपणा आधी कुठे होता?" तो म्हणाला. बरोबरच बोलला.

वृद्धाश्रमात जाऊन बाईंनाही सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं:

"आणि मला सांगायचं नाही, हे कुणी ठरवलं?"

"मी."

त्यांनी बेल दाबली. नर्स आल्यावर तिला म्हणाल्या, "या बाई निघाल्यात. यांना दारापर्यंत सोडा."